कायद्याचा रोख कोणावर?

वेश्याव्यवसाय करणे हा आपल्या देशात गुन्हा आहे काय? हा प्रश्न आपण आपल्याच वर्गात विचारला, तर बहुतेक सर्व जण क्षणाचाही विचार न करता 'होय' असे उत्तर देतील. वृत्तपत्रांनीही हा समज पक्का केलेला आहे. 'लॉजवर धाड, महिला ताब्यात' असा मथळा असतो, खाली ओढणीने तोंड झाकलेल्या स्त्रियांचे छायाचित्र असते, आणि दलालाचा उल्लेख झालाच तर तो बातमीच्या शेवटच्या ओळीत होतो. अशी बातमी वाचणाऱ्याला गुन्हेगार त्या स्त्रियाच वाटल्या, तर त्यात नवल नाही.

वस्तुतः कायदा असे म्हणत नाही. प्रौढ स्त्रीने पैसे घेऊन देहविक्रय करणे, एवढीच कृती आपल्या कायद्याने गुन्हा ठरविलेली नाही. गुन्हा ठरविला आहे तो तिला या मार्गाला लावणाऱ्याचा, तिला डांबणाऱ्याचा, तिच्यासाठी घर चालविणाऱ्याचा आणि तिच्या कमाईवर जगणाऱ्याचा. मग प्रत्यक्षात पोलिसांच्या गाडीत प्रथम तीच का चढते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर कायदा कलमागणिक वाचावा लागतो. तसा तो वाचण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

विषय संकोचाचा आहे, हे मान्य. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात तो कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु नोकरीच्या, लग्नाच्या किंवा सिनेमात काम देण्याच्या आमिषाने ज्या मुली नेल्या जातात, त्यांपैकी अनेकींचे वय आपल्याच बाकावर बसणाऱ्या मुलींएवढे असते. आणखीही एक कारण आहे. ते पुढे ओघाने येईल.

थोडा इतिहास

इंग्रजी अमदानीत या प्रश्नाकडे प्रथम पाहिले गेले ते शिपायांच्या आरोग्याच्या दृष्टीने. १८६८ च्या सांसर्गिक रोगविषयक कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू केली. रोग दोघांना होत असे, पण तपासणी एकीचीच होई. हा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अल्पवयीन मुलीची वेश्याव्यवसायासाठी खरेदी आणि विक्री करणे हे दोन गुन्हे होते, पण प्रौढ स्त्रीला डांबून ठेवणाऱ्या कुंटणखान्याच्या धंद्यासाठी असा खास कायदा नव्हता. १९१७ मध्ये मुंबईच्या डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात पळून जाऊ पाहणाऱ्या एका तरुण स्त्रीचा छळ करून खून करण्यात आला, तेव्हा कोठे शहर हादरले. पुढे सरकारने एक समिती नेमली आणि १९२३ साली मुंबई इलाख्यासाठी वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. देवदासी म्हणून मुलीला देवाला वाहण्याची चाल बंद करण्यासाठी १९३४ मध्ये याच इलाख्यात स्वतंत्र कायदा करण्यात आला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात बंदी घातली. हे एकत्र येणे लक्षात ठेवण्याजोगे आहे. घटनाकारांच्या दृष्टीने हा प्रश्न मुळात गुलामगिरीचा होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारावर भारताने ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क येथे सही केली आणि त्या कराराला अनुसरून १९५६ चा कायदा संमत झाला. 'स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराचे दमन' असे त्याचे मूळ नाव होते. १९७८ आणि १९८६ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. आज त्याचे नाव 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम' असे आहे, आणि पोलीस व वृत्तपत्रे त्याला 'पिटा' म्हणतात.

१९८६ च्या दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाचा बदल व्याख्येचा आहे. पूर्वी वेश्याव्यवसाय म्हणजे स्त्रीने मोबदला घेऊन आपले शरीर अनेकांना देणे, अशी व्याख्या होती. नव्या व्याख्येनुसार वेश्याव्यवसाय म्हणजे व्यापारी हेतूने व्यक्तींचे लैंगिक शोषण किंवा त्यांचा गैरवापर करणे. पहिल्या वाक्याचा कर्ता स्त्री आहे. दुसऱ्या वाक्याचा कर्ता शोषण करणारा आहे. व्याकरणाच्या तासाला शिकलेला कर्ता आणि कर्म यांतील हा भेद येथे कायद्याचे तत्त्वच बदलतो.

नफा खाणाऱ्यावर बडगा

या कायद्याची तीन ते सहा ही चार कलमे म्हणजे त्याचा कणा होय. कलम ३ कुंटणखाना चालविणाऱ्यासाठी आहे. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १ व जास्तीत जास्त ३ वर्षे सक्तमजुरी, आणि पुन्हा दोषी ठरल्यास २ ते ५ वर्षे. जाणूनबुजून जागा देणारा घरमालकही याच कलमात सापडतो. 'मला काय ठाऊक?' हा घरमालकाचा नेहमीचा बचाव असतो, म्हणून कायद्याने एक युक्ती योजली आहे. आपल्या जागेत असा प्रकार आढळल्याची बातमी मालक राहतो त्या भागात खपणाऱ्या वृत्तपत्रात आली असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्याला ते ठाऊक होते असेच धरले जाते.

कलम ४ वेश्येच्या कमाईवर जगणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही सांगते. ती कमाई अल्पवयीन मुलीची असेल, तर शिक्षा ७ वर्षांहून कमी नाही. कलम ५ मुलगी मिळविणाऱ्याचे, फूस लावणाऱ्याचे आणि नेणाऱ्याचे आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे, व तिच्या इच्छेविरुद्ध नेले असेल तर ७ ते १४ वर्षे. 'ती राजीखुशीने आली' हे म्हणणे येथे उपयोगी पडत नाही, कारण संमती असो वा नसो, असे शब्द कलमातच घातलेले आहेत. या कलमातील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. मुलीला जेथून नेले आणि जेथे नेले, त्या दोन्ही ठिकाणी खटला चालू शकतो. समजा, मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातून मुलीला पुण्यास नेले. तिच्या बापाला 'गुन्हा पुण्यात घडला, तिकडेच जा' असे सांगून गावच्या ठाण्यातून परत पाठविता येत नाही.

कलम ६ डांबून ठेवण्यासंबंधी आहे. डांबणे म्हणजे दाराला कुलूप लावणेच नव्हे, हे कायद्याने ओळखले आहे. प्रत्यक्षात मुलीला बांधून ठेवण्यासाठी दोरखंड लागत नाही. वही पुरते. तिला आणण्यासाठी मोजलेली रक्कम तिच्याच नावे उचल म्हणून लिहिली जाते. तीत साड्या, औषधपाणी, पोलिसांना दिलेले पैसे, व्याज अशी भर पडत राहते. वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीच्या मजुराला उचल कशी जखडते, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. येथे तीच रीत आहे. 'फेड आणि जा' असे तिला सांगतात, पण फेड कधी संपत नाही. हा हिशेब खरा आहे, आपण देणे लागतो, असे त्या मुलीलाही मनापासून वाटत असते.

कायदा या वहीला दोन प्रकारे निकामी करतो. एक म्हणजे, तिचे दागिने, कपडे वा पैसे अडकवून ठेवणे, अथवा ते घेऊन गेलीस तर फिर्याद करू अशी धमकी देणे, यावरूनच तिला डांबले होते असे न्यायालय गृहीत धरते. दुसरे असे की, डांबणाऱ्याने दिलेल्या म्हणविल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी वा पैशांसाठी तिच्यावर कोणताही दावा, फिर्याद किंवा कारवाई होऊ शकत नाही. सोप्या भाषेत सांगायचे तर, ते कर्ज कायद्याच्या दृष्टीने कर्जच नाही. ही गोष्ट जिला सर्वांत आधी कळायला हवी, तिलाच ती कोणी सांगत नाही, हे आपले दुर्दैव.

अपव्यापाराचा नवा गुन्हा

१९५६ चा कायदा वेश्याव्यवसायापुरता आहे. माणसांच्या व्यापाराची सर्वंकष व्याख्या मात्र बराच काळ आपल्याकडे नव्हती. २००० साली संयुक्त राष्ट्रसंघाने पालेर्मो येथे या विषयावर पुरवणी करार सहीसाठी खुला केला. भारताने त्याला २०११ मध्ये मान्यता दिली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली, आणि २०१३ च्या दुरुस्तीने दंडसंहितेचे कलम ३७० नव्याने लिहिण्यात आले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून आता हाच गुन्हा तिच्या कलम १४३ मध्ये आहे.

या कलमाची रचना तीन प्रश्नांत सांगता येते. काय केले? भरती केली, नेले, ठेवून घेतले, दुसऱ्याच्या हवाली केले किंवा ताब्यात घेतले. कसे केले? धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा पैशाचे वा लाभाचे आमिष यांपैकी काही वापरून. कशासाठी केले? शोषणासाठी. तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली की गुन्हा पूर्ण झाला. पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती, हा मुद्दा मग उरत नाही. शिक्षा ७ ते १० वर्षे सक्तमजुरी. बळी पडलेली व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आणि गुन्ह्यात लोकसेवक किंवा पोलीस सामील असेल तर उर्वरित आयुष्यभर कारावास. अशा रीतीने आणलेल्या व्यक्तीचे जाणूनबुजून लैंगिक शोषण करणाराही कलम १४४ खाली स्वतंत्रपणे दोषी ठरतो. शिवाय मूल १८ वर्षांखालील असेल, तर २०१२ चा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा लागू होतोच.

पाते उलटे फिरते तेव्हा

येथवर वाचून कायद्याबद्दल आदर वाटावा. पण याच पिटा कायद्यात आणखी काही कलमे आहेत. कलम ८ हे गिऱ्हाइकाला खुणावण्याविषयी आहे. शब्दाने, हावभावाने, खिडकीत वा सज्जात बसून लक्ष वेधणे याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. हाच गुन्हा पुरुषाने केला तर कमीत कमी ७ दिवस, पण जास्तीत जास्त ३ महिनेच. कलम ७ नुसार देवालय, शिक्षणसंस्था, वसतिगृह, रुग्णालय अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद होते. या कलमात गिऱ्हाईकही सापडतो, हे खरे. इतर ठिकाणी गिऱ्हाईक कलम ५ खाली दोषी ठरतो काय, यावर मात्र निरनिराळ्या उच्च न्यायालयांत एकमत नाही.

याहून विचार करण्यासारखे कलम १० अ आहे. सात वा आठ कलमाखाली स्त्री दोषी ठरली, तर दंडाधिकारी तिला तुरुंगाऐवजी सुधारगृहात पाठवू शकतात, आणि ती मुदत २ ते ५ वर्षे असते. म्हणजे ज्या गुन्ह्याची पहिली शिक्षा जास्तीत जास्त ६ महिने, त्याच गुन्ह्यासाठी 'सुधारणा' म्हणून निदान २ वर्षे बंदिवास! कलम २० खाली दंडाधिकारी वेश्येला एखाद्या भागातून निघून जाण्याचा आदेश देऊ शकतात. हे कलम घटनेशी विसंगत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कानपूरच्या प्रकरणात दिला आणि ते टिकले. कुंटणखान्याच्या व्याख्येतही दोन वेश्यांच्या परस्पर लाभासाठी वापरली जाणारी जागा धरलेली आहे. दलालाला टाळून दोघींनी मिळून खोली घेतली, तर ती खोलीही कुंटणखाना ठरू शकते.

आता व्यवहाराचा विचार करू. कलम ५ किंवा १४३ खाली दलालाला शिक्षा व्हायची, तर दोन जिल्ह्यांत वा दोन राज्यांत तपास करावा लागतो, पैशाचा माग काढावा लागतो, आणि घाबरलेल्या मुलीची साक्ष वर्षानुवर्षे टिकवावी लागते. तपास खास नेमलेल्या अधिकाऱ्यानेच करायचा, आणि त्याचा दर्जा निरीक्षकाच्या खालचा चालत नाही. उलट कलम ८ लावायला रस्त्यावरून एक फेरी पुरते. सोपे कलम अधिक वापरले जाणार, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून कायद्याने रोखलेले पाते कागदावर दलालाकडे असले, तरी हातात धरताना ते उलटे फिरते.

सुटका आणि बंदिवास

धाडीची रीतही कायद्याने ठरवून दिली आहे. परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच हवेत आणि त्यांत एक तरी स्त्री हवी. पोलीस अधिकाऱ्याबरोबर निदान दोन महिला पोलीस हव्यात. सापडलेल्या स्त्रियांचे जाबजबाब महिला पोलिसाने किंवा स्त्री समाजसेविकेच्या उपस्थितीत घ्यायचे. त्यानंतर स्त्रीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात. ते तिचे वय, घरची परिस्थिती यांची चौकशी करवून घेतात आणि तिला १ ते ३ वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. या कामी सल्ला देण्यासाठी पाच जणांचे मंडळ नेमता येते, आणि शक्य तेथे त्यांत तीन स्त्रिया असाव्यात असे कायदा म्हणतो.

अल्पवयीन मुलीसाठी ही तजवीज आवश्यकच आहे. तिला सोडवून लगेच 'पालक' म्हणविणाऱ्याच्या हाती दिले, तर ती आठवड्यात पुन्हा त्याच माडीवर दिसते. प्रौढ स्त्रीची गोष्ट मात्र निराळी. २०१९ मध्ये मुंबईत एका धाडीत सापडलेल्या तीन प्रौढ स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध संस्थेत ठेवण्याचा आदेश झाला होता. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. वेश्याव्यवसाय हाच मुळात गुन्हा आहे असे या कायद्यात कोठेही नाही, कायद्याचा हेतू शोषण रोखण्याचा आहे, आणि प्रौढ स्त्रीला कोठे राहावे व काय करावे हे ठरविण्याचा घटनादत्त हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. कोलकात्यातील एका वेश्येच्या खुनाचे अपील २०११ मध्ये फेटाळताना न्यायालयाने, सन्मानाने जगण्याचा २१ व्या अनुच्छेदाचा हक्क याही स्त्रियांना आहे असे सांगितले आणि एक समिती नेमली. त्याच प्रकरणात १९ मे २०२२ रोजी आदेश झाला की, पोलिसांनी या स्त्रियांना सन्मानाने वागवावे, धाडीच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड होऊ नये, आणि संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांची पाहणी करून त्यांच्या सुटकेची व्यवस्था व्हावी. ज्या छायाचित्राचा उल्लेख लेखाच्या आरंभी केला, ते छापणे योग्य नव्हे, असाच याचा अर्थ.

आईच्या पैशांवर शिकणारे मूल

आता ते दुसरे कारण. कलम ४ पुन्हा एकदा वाचावे. १८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती जाणूनबुजून पूर्णतः वा अंशतः वेश्येच्या कमाईवर जगत असेल, तर ती दोषी. येथे दलाल म्हटलेले नाही, 'कोणतीही व्यक्ती' म्हटले आहे. शिवाय जो तिच्याबरोबर राहतो, तो तिच्या कमाईवर जगतो असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. आई कामाठीपुऱ्यात, बुधवार पेठेत वा सांगलीच्या गोकुळनगरात राहते, आणि तिची अठरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी किंवा मुलगा तिच्या पैशांवर आपल्यासारख्याच एखाद्या महाविद्यालयात बी. ए. च्या वर्गात शिकत आहे. कलमाच्या अक्षराप्रमाणे ते मूल गुन्हेगार ठरू शकते. तिची म्हातारी आईही ठरू शकते. दलालासाठी विणलेल्या जाळ्यात घरची माणसेच अडकावीत, हा कायद्याचा हेतू खासच नसणार. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलांना समाजाच्या मुख्य प्रवाहात आणण्याची जबाबदारी शासनावर टाकली. पण अठराव्या वाढदिवसानंतर हे कलम त्यांच्या दाराशी उभेच राहते. कोणी आपल्या आईचा धंदा वर्गात का सांगत नाही, याचे उत्तर केवळ लाजेत नाही.

मग काय करावे, यावर कार्यकर्त्यांतही मतभेद आहेत. मुंबईच्या 'प्रेरणा' संस्थेने १९८८ साली कामाठीपुऱ्यात या स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर सुरू केले. मुलांना त्या चक्रातून बाहेर काढणे हा तिचा मार्ग. सांगलीत १९९६ मध्ये उभी राहिलेली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्वतः या व्यवसायातील स्त्रियांची संघटना आहे. आम्हाला सोडवू नका, आमचे हक्क द्या, असे तिचे म्हणणे. दोघांत अंतर आहे, परंतु अल्पवयीन मुलीला या धंद्यात आणणे हा अक्षम्य गुन्हा आहे याबद्दल दुमत नाही. कलम ८ वगळण्याची तरतूद असलेले विधेयक २००६ मध्ये लोकसभेत आले होते. ते संमत न होताच २००९ मध्ये लोकसभेबरोबर विसर्जित झाले. अपव्यापारावरील सर्वंकष विधेयक २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले, पण राज्यसभेपर्यंत पोचून पुढे सरकले नाही आणि २०१९ मध्ये तेही व्यपगत झाले.

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. तो नीट वाचणे मात्र आहे. ओळखीतील एखादी मुलगी नोकरीच्या नावाखाली नाहीशी झाली, तर गावच्याच ठाण्यात फिर्याद देता येते, हे आपण तिच्या आईबापांना सांगू शकतो. बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक सांगू शकतो. अपव्यापाराला बळी पडलेल्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न काहीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो, आणि तिच्या नावे लिहिलेली ती वही न्यायालयात चालत नाही, हेही सांगू शकतो.

आणि पुढच्या वेळी 'इतक्या महिला ताब्यात' अशी बातमी वाचली, की तिच्यात तीन गोष्टी शोधाव्यात: घर कोणाचे होते, पैसे कोण घेत होता, आणि मुलीला कोणी आणले होते. या तिघांची नावे बातमीत नसतील, तर कायद्याने ज्यांच्यावर रोख धरला होता, ते त्या दिवशीही निसटले असे समजावे.